एका महिन्याची रजा

थेरगाव,
२६ ऑक्टोबर २०२५

चि. स्वरूपास,
रुपालीताईचे आशीर्वाद.

मोठ्या बहिणीनं ते लिहायचे असतात, म्हणून लिहिले. भाऊबीजेला तू ताटावरून उठलीस आणि जिना उतरायच्या आत माझा नंबर ब्लॉक केलास. दोन दिवस मला वाटलं तुमच्या चाकणला रेंज नसेल. मग आईच्या फोनवरून लावला, तर पहिल्याच रिंगला उचललास आणि माझा आवाज ऐकून ठेवून दिलास. म्हणून हा कागद. तुझे दाजी पहिल्या शिफ्टला जाताना डब्याच्या पिशवीतून आणतील आणि तुमच्या गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर तुझ्या हातात देतील. फाडायचा असेल तर वाचून फाड.

आपल्याला भाऊ नाही. बाबा गेल्यापासून भाऊबीजेला आपण दोघीच एकमेकींना ओवाळतो, आई बघत बसते. यंदा त्या ताटावर बसून तू सांगितलंस की पंधरा नोव्हेंबरला मोटरसायकलवर एकटी तवांगला निघणार, महिन्याची रजा मंजूर झाली. सांगितलंस, विचारलं नाहीस. आईच्या उजव्या हाताला तीन वर्षांत घास धरता आलेला नाही, आणि तू तिला गाडीला लावायच्या पिशव्यांचे फोटो दाखवत होतीस. ती बिचारी छान छान म्हणत होती.

तुला महिनाभर रजा मिळू शकते हे मला त्या दिवशी कळलं. आईला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मिळत नव्हती. तेव्हा तुमच्या कंपनीत नवीन लाइन बसत होती. मी शाळेतली क्लार्कची नोकरी सोडली ती तेव्हाच. त्याबद्दल मी कधी बोलले नाही. आता बोलते आहे. तिला उठवणं, अंघोळ, कपडे, मालिश, दुपारी पुन्हा उचलून खुर्चीत बसवणं, सगळं माझ्या दोन हातांवर आहे. दाजी मदत करतात, पण आईला जावयाकडून कपडे बदलून घ्यायची लाज वाटते.

तुला लग्न करायचं नव्हतं, केलं नाहीस. आम्ही कुणी काही म्हटलं नाही. पण संसार नाही म्हणजे आईही नाही, असं होत नाही. एवढं डोक्यात घे आणि मग ठरव.

कळावे. लोभाचं नंतर बघू.
रुपाली


चाकण,
२८ ऑक्टोबर २०२५

ती. रुपालीताईस,
सा. न. वि. वि.

तुझा कागद मिळाला. देताना दाजी टपरीवरच्या गॅसकडे बघत होते, म्हणजे तू त्यांना तो वाचून दाखवलेला असणार. त्या माणसाला आपल्या मधे उभं करू नकोस. चहा न घेताच बसमध्ये चढले.

तू लिहितेस ते खरं आहे, पण अर्धंच आहे. उरलेलं मी लिहिते. गेल्या वर्षापासून दर शनिवारी मी रिक्षा करून आईला माझ्या खोलीवर आणत होते आणि सोमवारी सेकंड शिफ्टच्या आधी सोडत होते. होळीच्या आठवड्यात ती माझ्या बाथरूममध्ये घसरली. कोपर सुजलं, हाड मोडलं नाही. तू दाजींना घेऊन आलीस, माझ्या घरमालकीण शालनबाईंच्या समोर मला निष्काळजी म्हणालीस, आणि आईला परत या उंबऱ्यात पाठवणार नाही असं सांगून घेऊन गेलीस. त्यानंतर मी किती शनिवार विचारलं ते तुला आठवत असेल. दर वेळी नको. मग मी विचारायचं सोडलं. आता तू म्हणतेस मी काहीच करत नाही. दार तू लावलंस, ताई, आणि मी बाहेर का उभी म्हणून मलाच बोलतेस.

कशासाठी जातेस, असं तू ताटावर विचारलं होतंस. तेव्हा रागात उत्तर दिलं नाही. माझ्या फोनवर येणारा प्रत्येक फोन एकतर मशीन बंद पडल्याचा असतो, नाहीतर आईचं काहीतरी झाल्याचा. बारा वर्षं मेंटेनन्सला आहे, त्या खात्यात बाई मी एकटी. सुट्टीच्या दिवशीही रिंग वाजली की माझा हात पान्याकडे जातो. मला एकदा असं जायचं आहे की ज्यात कुणाचं काही बिघडलेलं नाही. तवांग लांब आहे म्हणून निवडलं. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही, आणि असायला पाहिजे असंही मला वाटत नाही.

आईला नमस्कार. दाजींना उद्या चहा पाजीन.

तुझी,
स्वरूपा


थेरगाव,
१ नोव्हेंबर २०२५

चि. स्वरूपास,
आशीर्वाद. वि. वि.

घसरली म्हणे. ओल्या फरशीवर तिला उभी करून तू कंपनीच्या फोनवर बोलत होतीस, हे तूच मला तेव्हा सांगितलंस. माझ्याकडे तीन वर्षांत ती एकदाही पडलेली नाही. मग मी ती तुझ्याकडे कशी पाठवायची? तुझं मन राखायला?

तुझ्या तयारीची बातमी इथपर्यंत पोचते. डांगे चौकातल्या दुकानात तू गुडघ्याची कवचं घेताना तळमजल्यावरच्या चतुराबाईंनी पाहिलं आणि मला जिन्यात गाठून विचारलं की धाकटीचं कुठं क्रिकेटबिकेट आहे का. काय सांगणार? हो म्हटलं. सायकल शिकताना तू गणपतीच्या मांडवात घुसून आरतीचं ताट सांडलं होतंस, तीच तू आता डोंगरातून एकटी जाणार. तेव्हा निदान मागे धरायला मी होते.

भांडण बाजूला ठेवून एक सांगते. जायचंच असेल तर फेब्रुवारीत जा. नोव्हेंबरात नको. वीस तारखेच्या पुढे मला जमणार नाही. का, ते विचारू नकोस. आजवर तुझ्याकडे काही मागितलेलं नाही, हे मागते आहे. आणि मागितल्यावर तू नाही म्हणालीस तर मला काय समजायचं ते मी समजेन.

रुपाली


चाकण,
४ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कारण सांगितलंस तर ऐकेन. हुकूम सोडलास तर नाही. फेब्रुवारीत तिकडच्या घाटात बर्फ असतो, आणि माझी साठलेली रजा डिसेंबर संपला की बुडते. अरुणाचलचा परवाना आला आहे. तुझ्या मनातलं ओळखून मी तारखा बदलायच्या, हे मला लहानपणापासून जमलेलं नाही.

तयारीचं तुला दुसऱ्यांकडून कळण्यापेक्षा मीच सांगते. काल पार्किंगमध्ये मागचं चाक उतरवलं, ट्यूब काढली, पंक्चर काढलं, पुन्हा बसवलं. तीन वेळा. शालनबाई पायरीवर बसून पाने हातात देत होत्या. आता त्यांना नंबर पाठ झालेत, मी हात पुढे केला की बरोबर चौदाचा देतात. क्लचची आणि ॲक्सिलेटरची जादा केबल घेतली, ब्रेक पॅड बदलले. पिंपरी कॅम्पातून लोकरी आतले कपडे आणले. समृद्धीवर मोटरसायकलला बंदी, त्यामुळे नगरवरून जुन्या रस्त्यानं नागपूर. दिवस मावळल्यावर गाडी चालवायची नाही असं ठरवलं आहे. हे सगळं आईला सांग. ऐकायला तिला आवडतं. त्या दिवशी ती नुसती छान म्हणत नव्हती, पिशवीत पाणी जातं का ते तिनंच विचारलं होतं. तू तेव्हा आत पोळ्या करत होतीस.

पंधराला सकाळी निघते. आदल्या दिवशी आईला भेटायला येईन. तू घरी नसलीस तरी चालेल.

स्वरूपा


थेरगाव,
७ नोव्हेंबर २०२५

चि. स्वरूपास,
ज्योतीरामचा आशीर्वाद. इकडे सर्व ठीक आहे, असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही.

मला पत्र लिहायची सवय नाही. टपरीवर तोंडी सांगायला दोनदा आलो आणि दोन्ही वेळा हवापाण्याचं बोलून परत गेलो. तुझ्या ताईनं मला आईची शपथ घातली होती. आज ती मोडतो.

रुपालीच्या गर्भाशयात गाठी आहेत. वर्षभर अंगावरून फार जातं. ती कुणाला बोलली नाही, मलाही नाही. गणपतीत आईंना उचलताना चक्कर येऊन दोघी पलंगावर पडल्या, तेव्हा मी बळंच तपासायला नेलं. रक्त फार कमी निघालं. ते वाढवायला इंजेक्शनं चालू आहेत. वीस नोव्हेंबरला पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात पिशवी काढायचं ऑपरेशन ठरलंय. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, त्यानंतर तीन महिने वजन उचलायचं नाही. पाण्याची बादलीसुद्धा नाही. मग आईंना कोण उचलणार, असं मी घरी आल्यावर विचारलं, तर रुपाली म्हणाली ते तिचं ती बघेल.

भाऊबीजेला ती तुला हेच सांगणार होती. म्हणून तर पुरणपोळीचा घाट घातला होता. त्याच्या आधी तू रजेचं सांगितलंस आणि सगळं फिसकटलं. मी म्हटलं आता तरी सांग. ती म्हणाली, रजा तिनं फिरायला घेतली आहे, माझ्यासाठी मागून घेतलेली मला नको.

कुणाची चूक ते मला कळत नाही. मी लातूरकडचा माणूस, आमच्यात बहिणी भांडल्या की गाव गोळा होतो आणि मिटवून टाकतो. इथं गाव मी एकटाच आहे. मी सांगितलं हे तिला कळू देऊ नकोस.

तुझा,
दाजी


चाकण,
८ नोव्हेंबर २०२५

ती. ताई,

नमस्कार वगैरे तू समजून घे.

दाजींनी मला सांगितलं. त्यांनी सांगू नको म्हटलं होतं, तरी मी लिहिते, कारण या घरात लपवालपवी पुरे झाली. त्यांना एक शब्दही बोललीस तर मी थेरगावला येऊन जिन्यात उभी राहून भांडेन, चतुराबाईंसकट सगळ्यांना ऐकू जाईल असं.

काल सेकंड शिफ्टला माझ्याकडून एक बोल्ट उलटा आवळला गेला. बारा वर्षांत पहिल्यांदा. तुझ्या अंगात रक्त नाही आणि तू आईला उचलतेस, आणि मला गुडघ्याच्या कवचांवरून टोमणे मारतेस.

तू काय ठरवलं होतंस ते मला दिसतंय. मी पंधराला निघायचं. वीसला तू ऑपरेशनला जायचं. मी तिकडे कुठल्यातरी धाब्यावर चहा पीत असताना मला कळायचं. आणि मग जन्मभर तुझ्याकडे एक वाक्य राहायचं, की मला कापत होते तेव्हा ही फिरत होती. तू याला सोसणं म्हणत असशील. मी म्हणणार नाही. मला गुन्हेगार करायला तू स्वतःचा जीव पणाला लावलास. इतका राग असतो का गं कुणाला बहिणीचा?

मी जात नाही. रजा तीच ठेवते, गाडी काढत नाही. अठरा तारखेला रिक्षा घेऊन येते, आईचं सामान बांधून ठेव. बाथरूममध्ये भिंतीला दांड्या बसवल्या आहेत, खाली रबराची चटई टाकली आहे. त्या मी होळीनंतर लगेचच बसवल्या होत्या, तू कधी बघायला आली नाहीस.

हे मी तुझ्या प्रेमापोटी करते असं समजू नकोस. आत्ता तुझ्याबद्दल प्रेम वाटत नाही.

स्वरूपा


थेरगाव,
१० नोव्हेंबर २०२५

स्वरूपा,

दाजींना मी काही बोलले नाही. ते आपणहून गॅलरीत झोपायला गेले आहेत.

तुझं पत्र मी स्वयंपाकघरात वाचलं, मोठ्यानं वाचलं, कारण रागाच्या भरात मनातल्या मनात वाचता येत नव्हतं. तुला जे वाटायचं ते वाट. मी कट केला नाही. ताटावर बसून तुला सांगणारच होते. तोंड उघडलं आणि तू फोनवर डोंगर दाखवायला लागलीस. तुझा चेहरा इतका खूश मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता, आणि खरं सांगते, तो बघून मला आनंद झाला नाही, माझ्या अंगाची आग झाली. मला असं खूश होऊन कुठे जायचं असतं ते आठवेचना.

पण तुझी रजा मला नको. तू इथे राहशील, आईला ठेवशील, आणि रोज तुझ्या खिडकीतून झाकून ठेवलेली गाडी बघशील. मग ते वाक्य तुझ्याकडे जाईल, की ताईसाठी मी गेले नाही. ते ऐकत राहण्यापेक्षा मी ऑपरेशन मार्चवर ढकलते. डॉक्टरीण बाईंना उद्या विचारणार आहे.

अठराला रिक्षा आणू नकोस. आईचं सामान मी बांधणार नाही.

रुपाली


थेरगाव,
१२ नोव्हेंबर २०२५

चि. रुपाली आन् चि. स्वरूपा, दोगींना आईचा आशीर्वाद.

मी सांगतीया आन् जावईबापू लिवत्यात. मी म्हनलं तसंच लिवा, सुदारू नका, आसं त्यांना बजावलंय. ह्याच्या दोन प्रती करायला लावल्यात. एक चाकनला जाईल, दुसरी भिंतीपल्याड सैपाकघरात.

माजा हात गेलाय, कान न्हाई गेलं. पंदरा दिस झालं मी तुमची कागदं ऐकतीया. रुपाली वाचती तवा तिला वाटतं मी झोपलेली हाय. आईला कोन उचलणार, आईला कोन ठेवणार, आई कुटं पडली, कुनाकडं पडली न्हाई. पोत्याची वाटनी चालल्यावानी. त्या आईला काय पायजे, ह्ये एका बी कागदात न्हाई.

आता हिशेब ऐका. स्वरूपाची रजा येक म्हयना. रुपालीला उचलायचं न्हाई तीन म्हयनं. मंग ऱ्हायल्याली दोन म्हयनं मी काय खुंटीला लटकू? दोगी शिकल्या सवरल्याल्या, कुनालाच ह्ये दिसलं न्हाई. भांडायच्या नादात दिसत न्हाई.

काल रुपाली दवाखान्यात इंजक्शन घ्यायला गेल्ती तवा मी जावईबापूंना म्हनलं रिक्षा आना. रावेतला आमच्यासारख्या बायांचं ठेवायचं केंद्र हाय. मी दोन तास बसून बगितलं. आंगोळीला दोन बाया मिळून उचलत्यात. हाताचा येयाम करून घेनारी पोरगी रोज येती. दुपारी पत्त्याचा डाव बसतो. माज्या म्हायेरच्या वळखीची येक म्हातारी बी हाय तितं, तिला काय आयकू येत न्हाई, पन पत्तं चांगलं पिसती. मला आवाडलं. मी अंगठा न्हाई, डाव्या हातानं सही करून आलीया. वाकडी आलीया, पन माजी हाय.

लोकं काय म्हनतील, म्हून रुपाली रडंल. रडू द्या. ती वीस तारखेलाच दवाखान्यात जाईल. मार्च म्हनली तर मी जेवायची न्हाई. आन् स्वरूपा, तू तुजी भन डोळं उघडंस्तवर निगायचं न्हाई. तिनं डोळं उघडलं की निगायचं. माज्यापायी थांबलीस तर मला तुजं तोंड बघायचं न्हाई.

आता मला मदी घालून कागद लिवू नका. भांडायचं आसंल तर आपापल्या नावानं भांडा.

रुक्मिणीबाई


थेरगाव,
१४ नोव्हेंबर २०२५

चि. स्वरूपास,
आशीर्वाद.

आई आज सकाळी रावेतला गेली. तिची पावडर, तिची गोधडी, देवाचा छोटा फोटो, एवढंच तिनं बरोबर घेऊ दिलं. रिक्षात बसताना चतुराबाईंनी कुठे निघालात म्हणून विचारलं, तर म्हणाली, लेकींना कंटाळले, चाललेय राहायला. चतुराबाई तेवढ्यावर महिनाभर जगतील.

तुझं बरं झालं. तुला जायला मिळालं. माझ्याकडे मात्र बघ. तीन वर्षं मी तिचं सगळं केलं, आणि तिनं दोन तासांत ती जागा पसंत केली. दोन तासांत, स्वरूपा. रात्रभर मी एकच विचार करते आहे, की माझ्याकडे तिला काय कमी होतं. हे मी तुला का लिहिते कळत नाही. तुला बरंच वाटत असेल.

वीसला सकाळी भरती आहे. यायचं तर ये. त्या अवजड बुटांत येऊ नकोस.

रुपाली


चाकण,
२३ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उद्या उजाडल्यावर निघते. हे पत्र दाजींकडे ठेवते, घरी आलीस की ते देतील.

ऑपरेशनच्या दिवशीचं तुला आठवत नसेल, म्हणून सांगते. दाजी बाकावर बसायला तयार नव्हते, फेऱ्या मारून मारून त्यांनी शिपायाला चक्कर आणली. डॉक्टरीण बाईंनी येऊन सगळं नीट झालं, दोन बाटल्या रक्त लागलं, असं सांगितलं तेव्हा ते तिथेच भिंतीला टेकून खाली बसले. तू शुद्धीवर आलीस, माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस की मी अजून गेले नाही का. नीट ऐकू येईना म्हणून मी वाकले, तर पुन्हा तेच. मला वाटलं निदान आजच्या दिवशी तू काही वेगळं बोलशील. मग तू माझी बाही धरलीस आणि तशीच झोपलीस. तासभर मला हात हलवता आला नाही. मुंग्या आल्या होत्या.

मी तुला माफ केलेलं नाही. आठ तारखेचं पत्र मी पुन्हा लिहायला बसले तरी तेच लिहीन. तू वर्षभर रक्त घालवत राहिलीस आणि मला कळू दिलं नाहीस, याचा राग तवांगला जाऊन आल्यावरही जाणार नाही. तुझाही जाणार नाही, मला माहीत आहे.

तयारी झाली. सामान बांधून बघितलं तर गाडी एका बाजूला कलत होती, म्हणून जड हत्यारं डावीकडे घेतली. चेन घट्ट केली. शालनबाईंनी लाडूंचा डबा दिला आणि तो पिशवीत बसत नाही म्हटल्यावर माझे लोकरी मोजे काढून त्या जागी बसवला. मोजे आता जॅकेटच्या खिशात आहेत. नऊ दिवस गेले, त्यामुळे तवांगपर्यंत पोचेन असं वाटत नाही. गुवाहाटीच्या पुढे जिथून वेळेत परत फिरता येईल तिथून फिरेन.

आज दुपारी आईला भेटायला रावेतला गेले. वाटलं होतं ती ओवाळेल, निदान डोक्यावर हात ठेवेल. ती डाव्या हातात पत्ते धरून बसली होती. मला म्हणाली जा, सावकाश जा, माझा डाव चाललाय. मी दारात जरा वेळ उभी राहिले. तिनं मान वर केली नाही.

परतताना आठ डिसेंबरच्या सुमाराला सिलिगुडीला एका जुन्या सहकारिणीकडे थांबणार आहे. तिचा पत्ता पाठीमागे लिहिला आहे. अडीनडीला असावा म्हणून.

औषधं वेळेवर घे. बादली उचलू नकोस.

स्वरूपा


थेरगाव,
२ डिसेंबर २०२५

चि. स्वरूपास,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

सिलिगुडीच्या पत्त्यावर स्पीड पोस्टानं पाठवते आहे. वेळेत मिळेल असं दाजी म्हणतात. त्यांच्या फोनवर तू पाठवलेले फोटो बघितले. रायपूरच्या पुढचा तो धुक्याचा फोटो काढायला गाडी रस्त्याच्या कडेला नीट लावली होतीस ना? एवढं धुकं असेल तर उन्हं येईपर्यंत निघू नकोस. परत येतानाही.

टाके सुकले. दुपारी घरात कुणी नसतं. पहिले दोन दिवस मी दर तासाला उठून आईच्या खोलीत गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी झोपले ती थेट दिवेलागणीला उठले. कुणी हाक मारली नव्हती. उठल्यावर कुठे आहे तेच कळेना.

काल डॉक्टरीण बाईंना विचारून रिक्षानं रावेतला गेले. आईसाठी थालीपीठ नेलं होतं. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं जरा हलतात आता, ती तिनं मला हलवून दाखवली. केस नीट विंचरलेले होते. माझ्याकडे असतानाही असायचे. मला राहवलं नाही, मी विचारलं. आई, माझ्याकडे तुला काय कमी होतं ते सांग.

ती मग म्हणाली, हितं मी तहान लागली की हाक मारती. तुज्याकडं तुजं तोंड बगून गप बसायची. तुजं तोंड दमल्यालं आसायचं. मंग मी दुपारचं पानीच कमी प्यायची, म्हंजी उठवायला नगं.

मी डबा उघडून तिच्यापुढे ठेवला. तिनं डाव्या हातानं तुकडे करून खाल्लं, शेजारच्या म्हातारीलाही दिलं, आणि मीठ कमी पडलं म्हणाली.

घरी येताना रिक्षात मला संताप आला. तीन वर्षं, स्वरूपा. तीन वर्षं तिला तहान लागत होती आणि तिनं मला एका शब्दानं सांगितलं नाही. मी आजारपण लपवलं म्हणून तू मला हत्यार परजल्यासारखं बोललीस. मग ही बाई काय करत होती? हे दाजींना सांगितलं, तर ते म्हणाले आईच त्या, जाऊ दे. शेजारी कुणाला सांगितलं तर म्हणतील स्वतःच्या अर्धांगवायू झालेल्या आईवर रागावते.

तुझ्यावरचा राग आहे तिथेच आहे, तो मी काढणार आहे. पण आईवर रागावले हे सांगायला मला तुझ्याशिवाय कुणी नाही. आधी तू ये. घरी न जाता सरळ इकडेच ये, सामान काढू नकोस, चहा इथेच घे.

गाडी सावकाश चालव.

तुझी,
ताई